त्याला उठवू नकोस

मिरज

चि. मनूस,


फोनवर आपलं बोलणं कधी पुरं होत नाही. मध्येच कुणीतरी तुला हाक मारतं, तू ‘आत्या, एक मिनिट’ म्हणतेस आणि ते मिनिट दुसऱ्या दिवशी संपतं. म्हणून सरळ पत्र लिहायला घेतलं. सोबत मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी पाठवते आहे. मेतकूट टिकेल, भाजणी आधी संपव. तुमच्या दमट हवेत तिला लगेच जाळी धरते. मालिकेचे एपिसोड शिलकीत नाहीत, सकाळी लिहिलेलं दुपारी शूट होतं, रात्री दोन-दोनपर्यंत जागतेस, हे सगळं तुझी आई सांगते आणि वर ‘पण तिला आवडतं’ असंही म्हणते. आवडत असेल तर करावं. जेवून करावं.

इकडे पाऊस लागलाय. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी किती झाली ते तुझा बाबा रोज सकाळी पेपरातून मोठ्याने वाचतो. अजून ४० फुटांच्या बरीच खाली आहे, त्यामुळे आम्ही निवांत. अण्णाकाकाच्या मांडीला त्याच्या पोलिओच्या पायावरच्या कॅलिपरचा पट्टा घासून जखम झाली होती, ती भरली. दुकानात पुन्हा जायला लागलाय. हल्ली टीव्ही दुरुस्तीला कोण आणतं गं? पण शटर उघडल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही.

आता मूळ गोष्ट. तुझ्या मालिकेतला तो थोरला भाऊ, सदानंद. गाडीला अपघात झाला, मणक्याला मार बसला, व्हीलचेअर आली. तू म्हणालीस, ट्रॅक चांगला चाललाय, टीआरपी चढलाय. आनंद वाटला. मग म्हणालीस, नवरात्रात महाएपिसोड आहे. नायिका अनवाणी देवीचा डोंगर चढणार आणि इकडे घरी आरती चालू असताना सदानंद खुर्चीतून उठून उभा राहणार. मी तेव्हा ‘बरं’ म्हणाले खरी, पण तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मनू, त्याला उठवू नकोस.

मला कळतं, हे तुझ्या एकटीच्या हातात नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, चॅनलची माणसं वरून सांगणार आणि तू संवाद लिहिणारी, त्यातही सगळ्यांत धाकटी. तरीही त्या खोलीत तू बसतेस. मी आयुष्यभर कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवलं. मी तिथे कधी बसले नाही, अण्णा तर नाहीच नाही. आपल्या घरातलं कुणीतरी प्रथमच तिथे पोचलंय, म्हणून जीव तुटतो आणि एवढं लिहिते.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे. रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागायचं. १९८८ ते १९९०चा काळ. शनिवारी संध्याकाळपर्यंत आपल्या गल्लीतले बिघडलेले सेट अण्णाच्या दुकानात येऊन पडायचे. कुणाचं चित्र हलायचं, कुणाचा आवाज गेलेला. ‘अण्णा, उद्या नऊच्या आत चालू पाहिजे बरं का.’ तो काउंटरला कुबडी टेकवून उभ्याने काम करायचा, कारण बसायचं तर गुडघ्याचं लॉक वर ओढावं लागतं, उठताना पाय पुन्हा सरळ करावा लागतो आणि तेवढा वेळ जातो. रात्री उशिरा घरी यायचा. सकाळी गल्लीभर शंखनाद ऐकू आला की समाधानाने चहा घ्यायचा. तर त्या मालिकेतला शकुनी लंगडत चालायचा. गूफी पेंटल काम करायचे, एक डोळा बारीक करून, पाय ओढत. उत्तम काम होतं, खोटं कशाला बोलू. पण काही आठवड्यांत गल्लीतली पोरं अण्णाला ‘शकुनीमामा’ म्हणायला लागली. ज्यांच्या घरचे सेट त्याने शनिवारी रात्री जागून चालू करून दिले होते तीच पोरं. अण्णा हसण्यावारी न्यायचा. तुझी आजी मात्र एकदा लाटणं घेऊन बाहेर आली होती.

त्याच्या आधी ‘रामायण’ होतं, त्यात मंथरा. तिचं कुबड मूळ रामायणातच आहे, त्याचा दोष मालिकेला देता येत नाही. पण मंथरा कोण झालं होतं माहीत आहे ना? आपल्या येवल्याच्या ललिता पवार. त्या आधी नायिका होत्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, कितीतरी काळ उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. त्या डोळ्यानंतर नायिकेच्या भूमिका संपल्या आणि खाष्ट सासू सुरू झाली. बाईंनी त्याचंही सोनं केलं, आणि ‘अनाडी’तली मिसेस डिसा पाहिलीस तर कळेल की तोच डोळा केवढी माया दाखवू शकतो. पण आपल्याकडचा हिशेब बघ. बाईचा डोळा अधू झाला, की तिला कपटी ठरवलं. हा हिशेब कुणी कागदावर लिहिलेला नाही, म्हणूनच तो पुसायला अवघड जातो.

तुमच्या मालिकांतही तोच चालतो. खलनायिकेने वर्षभर कारस्थानं केली, की शेवटी तिला अर्धांगवायू होतो आणि ती खुर्चीत बसून नुसती डोळे फिरवते. नायकाच्या भावाने सोसलं, तो चांगला वागला, की त्याचे पाय परत येतात. म्हणजे पाय गेले तर पाप, पाय आले तर पुण्य. मग घरात पाय न आलेला माणूस बसलाय त्याने काय समजायचं? अण्णाला पोलिओ झाला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तीन वर्षांच्या पोराने कुणाचं काय वाईट केलं असणार? तरी लोकांनी आजीला विचारलंच, मागच्या जन्माचं काही आहे का बघा म्हणून. टीव्हीने ते शिकवलं नाही, ते आधीपासून होतं. पण रोज संध्याकाळी, जेवायच्या वेळी, पार्श्वसंगीतासकट तेच दाखवलं की त्यावर शिक्का बसतो.

शाळेतही अनुभव आला. एका मुलीला मोठ्या मिनतवारीने श्रवणयंत्र लावलं होतं, ती नुकती कुठे आवाजाकडे मान वळवायला लागली होती. एक दिवस वडील आले, म्हणाले, ‘बाई, हे काढून ठेवलं तर चालेल का? मालिकेत त्या पोरीची वाचा एकदम आली, धक्का बसल्यावर. डॉक्टर म्हणाले नव्हते तरी आली.’ माणूस अडाणी नव्हता. लेकीसाठी आशा शोधत होता, आणि टीव्हीने त्याला ती फुकट देऊ केली होती. यंत्राला बॅटरी लागते, सराव लागतो, रोज तासभर पोरीसमोर बसावं लागतं. चमत्काराला काहीच लागत नाही. त्या बापाचा चेहरा आठवला की तुझ्या महाएपिसोडची मला धास्ती वाटते. कुठल्या तरी घरात खरंच मणक्याला मार बसलेला मुलगा तो एपिसोड बघत असेल. घरातले सगळे टीव्हीकडे बघतील, मग त्याच्याकडे बघतील.

तू म्हणशील, मग आत्या, आम्ही त्याला खंबीर दाखवू. जिद्दी दाखवू. व्हीलचेअरवरून शर्यत जिंकताना दाखवू. हे दुसरं टोक झालं. स्टेला यंग म्हणून ऑस्ट्रेलियाची एक पत्रकार होती, विनोदीही बोलायची, स्वतः व्हीलचेअर वापरायची. २०१४ मध्ये वारली बिचारी, तरुणच होती. (बघ, ‘बिचारी’ हा शब्द कसा हातातून सुटतो. तिने ऐकलं असतं तर माझी खरडपट्टी काढली असती.) तिने एका भाषणात सांगितलं होतं, ती १५ वर्षांची असताना गावातल्या कुणीतरी कर्तृत्वाच्या पुरस्कारासाठी तिचं नाव सुचवायचं ठरवलं. आईवडील म्हणाले, छान आहे, पण तिने तसं काही केलेलंच नाही. ती शाळेत जायची, अभ्यास करायची, टीव्ही बघायची, बस्. अपंग माणूस नुसता जगतो त्याचाही सत्कार करणं हे अपमानासारखंच आहे, असं तिचं म्हणणं. अण्णाला एका मंडळाने शाल-श्रीफळ दिलं होतं, आठवतं? ‘शारीरिक व्यंगावर मात करून’ वगैरे. घरी येऊन म्हणाला, ‘मात कसली डोंबलाची? दुकान चालवतोय. शेजारचा शिंपीपण दुकानच चालवतो, त्याला कुणी नारळ दिला का?’

मग दाखवायचं काय? मला विचारशील तर उत्तर तुमच्या टीव्हीनेच एकदा दिलंय, तेही नकळत. २००१ मध्ये ‘कहीं किसी रोज’ लागायची. त्यातली रमोला सिकंद आठवते का? तू लहान होतीस, पण तिच्या कपाळावरच्या त्या नागमोडी टिकल्या तुझ्या आईनेही लावून पाहिल्या होत्या. ती सुधा चंद्रन. १९८१ मध्ये तमिळनाडूत बसला अपघात झाला, उजवा पाय कापावा लागला, मग जयपूर फूट लावून पुन्हा नाचायला शिकली. तिच्यावर तेलुगूत ‘मयूरी’ आणि हिंदीत ‘नाचे मयूरी’ निघाला आणि त्यात तीच नायिका. ती कहाणी सगळ्या देशाला पाठ. पण मला रमोला जास्त मोलाची वाटते. रमोला कारस्थानी होती, श्रीमंत होती, झोकदार होती, आणि तिच्या पायाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आम्ही रोज रात्री तिला शिव्या घालायचो. अण्णा तर सगळ्यात पुढे. वर्ष-दीड वर्ष बघितल्यावर एकदा कुणीतरी म्हणालं, अरे, हिला तर एक पाय नाही. आणि सगळे क्षणभर थांबून पुन्हा तिला शिव्या घालायला लागले. त्या वेळी आमच्या घरात जे झालं ते कुठल्याही जागतिक अपंग दिनाच्या भाषणाने झालं नसतं. ललिताबाईंना डोळ्यामुळे खलनायिका केलं. हिच्या बाबतीत पाय आणि खलनायकी यांचा एकमेकांशी संबंधच ठेवला नाही. फरक तुझ्यासारख्या लिहिणाऱ्या मुलीच्या लक्षात येईल.

अर्थात टीव्हीने सगळं होत नाही. एवढी नावाजलेली बाई, पण २०२१ मध्ये तिला व्हिडिओ करून सांगावं लागलं की विमानतळावर तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो. सुरक्षा दलाने नंतर दिलगिरी व्यक्त केली. पडद्यावर ओळखणारी माणसं दारातून आत घेताना मात्र विसरतात. पण म्हणून पडदा सोडून द्यायचा का?

त्याच वर्षी ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये आग्र्याच्या हिमानी बुंदेला एक कोटी जिंकल्या. दिसत नाही त्यांना, शिक्षिका आहेत. आपल्या घरात पहिली काही मिनिटं ‘अरेरे’ चाललं. मग प्रश्न अवघड होत गेले आणि तुझा बाबा चुकीचं उत्तर ठासून सांगायला लागला, बाईंनी बरोबर दिलं, आणि उरलेला वेळ ‘बघा, कशी हुशार आहे’ आणि ‘हे मला येत होतं’ यातच गेला. कीव करायला सवडच मिळाली नाही कुणाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सदानंदाला खुर्चीत राहू दे आणि खुर्ची सोडून बाकीचं त्याला सगळं दे. तुमच्या मालिकेत त्या घराचा मसाल्याचा कारखाना आहे ना? मग हिशेब त्याच्याकडे असू देत. त्याने धाकट्या भावाला पैशावरून झापावं. त्याचं चुकावं. बायकोशी भांडावं, आणि भांडण त्याच्या पायांवरून नको, तिच्या माहेरच्या लग्नाला काय आहेर करायचा यावरून असावं. एखाद्या सीनमध्ये तो हॉटेलात गेलाय आणि वेटर त्याच्याकडे न बघता बायकोला विचारतो, ‘साहेब काय घेणार?’ हे मी अण्णाच्या बाबतीत इतक्यांदा पाहिलंय! कान, डोळे, तोंड सगळं शाबूत असलेल्या माणसाला डावलून शेजारच्याला विचारतात. अण्णा तेव्हा मेनूकार्ड उलटं धरतो आणि म्हणतो, ‘वाचून दाखवा हो कुणीतरी.’ असला एक सीन लिही. त्याला पार्श्वसंगीत लावू देऊ नकोस फक्त.

आणि बारकावे अण्णाकडून घे. रिक्षात तो कसा बसतो ते कधी नीट पाहिलंयस? आधी कुबडी आत जाते, तिरकी, रिक्षावाल्याच्या पाठीला लागणार नाही अशी. मग दांडीला धरून पाठमोरा टेकतो. मग पँटवरूनच अंगठ्याने गुडघ्याचं लॉक वर ओढतो, पाय वाकतो, आणि विजारीची इस्त्रीची घडी चिमटीत धरून तो पाय उचलून आत ठेवतो. उतरताना उलट, आणि उभा राहिला की लॉक आपोआप खाली पडतं, ‘खट्’. हे सगळं तो कुणाशी तरी गप्पा मारता मारता करतो, बघावंही लागत नाही. तुमचे नट लंगडतात तेव्हा चेहऱ्याने लंगडतात. अण्णाचा चेहरा तेव्हा मीटर किती पडला ते बघत असतो.

त्यावरून नटाचं आलं. ‘चौकट राजा’ १९९१चा, दिलीप प्रभावळकरांनी नंदू असा उभा केला की लोक अजून रडतात. त्यांच्या कामाला नमस्कारच आहे. पण २०१४ मध्ये ‘यलो’ आला आणि त्यात पुण्याची गौरी गाडगीळ स्वतःच उभी राहिली. डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू, गोष्ट तिची आणि कामही तिचं. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. सई परांजप्यांनी तर त्याच्याही कितीतरी आधी ‘स्पर्श’ दिल्लीतल्या खऱ्या अंधशाळेत केला, तिथली खरी मुलं घेऊन. म्हणजे जमतं. तुमच्याकडे म्हणतील, बारा-बारा तास शूट, अपंग नटाला झेपणार नाही. त्यांना विचार, झेपत नाही की तुमच्या व्हॅनिटी व्हॅनला तीन उंच पायऱ्या आहेत? सेट तर तुम्हीच बांधता. उंबरा काढायला कुणाची परवानगी लागते? लगेच सदानंदाचा नट बदला असं मी म्हणत नाही, त्या मुलाचं पोट आहे. पण त्याचे मित्र येतील, कारखान्यात मुनीम येईल, वकील येईल. निदान एक जण तरी तसा घ्या, आणि त्याच्या अपंगत्वावर एकही वाक्य लिहू नका.

कॅमेऱ्याबद्दल मला काय कळणार, तरी सांगते. सदानंद बोलतो तेव्हा तुमचा कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यातून खाली त्याच्याकडे बघतो. सगळं जग त्याच्याकडे वरूनच बघतं, कॅमेऱ्याने तरी बसावं. आणि कधी कर्णबधिर पात्र आलं तर क्लोजअपवाल्यांना आवर घाल. एखादी मुलगी हातांनी बोलत असते आणि तुम्ही तिचा चेहरा घेता, मग सासूचा, मग जावेचा, तीन-तीनदा, विजा कडाडतात. तोवर तिचे हात चौकटीबाहेर गेलेले असतात. म्हणजे वाक्याच्या मध्येच तिचं तोंड दाबल्यासारखं झालं. ‘मुलगी झाली हो’ लागायची तेव्हा आमच्या शाळेतल्या मुली मन लावून बघायच्या, बोलता न येणारी नायिका म्हणून. ती भूमिका करणारी मुलगी बोलणारी होती, आणि पात्राला ऐकूही यायचं. पण आमच्या मुलींना बाकीचे काय बोलतात ते कळायचं नाही, कारण खाली मराठीत अक्षरंच नसायची. न बोलणाऱ्या मुलीची गोष्ट, आणि न ऐकणाऱ्या मुलींना ती शेजारणीकडून खुणांनी समजून घ्यायची! माहिती-प्रसारण मंत्रालयाने कर्णबधिरांसाठी टीव्ही कार्यक्रम कसे असावेत याची मानकं २०१९ मध्येच काढली आहेत. तुमच्या चॅनलमध्ये कुणी वाचली आहेत का ते विचारून बघ. रागावून नको, भोळेपणाने विचार.

मीटिंगमध्ये कुणी फारच ऐकेना, तर कोर्टाचं नाव काढायला हरकत नाही. ‘आंख मिचोली’ सिनेमावरून एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. पारडीवाला यांनी निकाल दिला. सिनेमावर बंदी घातली नाही, पण पडद्यावर अपंग माणसं कशी दाखवावीत याची चौकट आखून दिली. हिणवणारे शब्द टाळा. अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा आणि अपंगांना हिणवणारा विनोद वेगळा. त्यांचं यश, कला, समाजातला वाटाही दाखवा. आणि त्यांच्याबद्दल काही ठरवताना त्यांना विचारा. तुमचे निर्माते कोर्टाला भितात हे चांगलंच आहे. तरी मला वाटतं, भीती दाखवून लिहून घेतलेला सीन बेचव होतो. शेवटचा उपाय म्हणून ठेव.

‘प्रेक्षकांना चालणार नाही’ हे तर ऐकावं लागेलच. इंग्लंडात २००९ मध्ये बीबीसीच्या छोट्या मुलांच्या वाहिनीवर सेरी बर्नेल नावाची निवेदिका आली. तिचा उजवा हात जन्मापासूनच कोपराच्या खाली नाही. पालकांच्या तक्रारी आल्या, आमची मुलं घाबरतील, त्यांना वाईट स्वप्नं पडतील. बीबीसीने तिला काढलं नाही, आणि ती २०१७ पर्यंत तिथे होती. मी शाळेत बघितलंय ना, मुलं घाबरत नाहीत, मुलं विचारतात. ‘तुझा हात कुठे गेला?’ म्हणून सरळ विचारतात, उत्तर मिळालं की खेळायला जातात. ‘शू! असं विचारू नये’ म्हणून त्यांना गप्प करतो आपणच, आणि मग ती गप्पच राहतात, मोठी झाल्यावरसुद्धा. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली गेली, आणि तेव्हा कायदा फक्त ७ प्रकारचं अपंगत्व मानत होता. २०१६च्या कायद्याने ते २१ केले. तुमच्या प्रेक्षकांत ती माणसं नाहीत असं चॅनलला वाटतं का? संध्याकाळी घराबाहेर पडणं ज्यांना अवघड, तीच तर टीव्हीसमोर जास्त बसतात.

एक भीतीही सांगून टाकते. फार भांडलीस तर तुलाच काढतील. तसं व्हायला नको. महाएपिसोड अडवता आला नाही तर नको अडवूस. घरभाडं तुला भरायचंय, मला नाही. पण तडजोड मागून बघ. आरतीत तो उभा राहण्याऐवजी स्वतः खुर्ची चालवत देवघरापर्यंत गेला, कुणीतरी त्याच दिवशी उंबऱ्यावर फळी टाकलेली असली, तर तुमच्या कॅमेऱ्याला हवा तो क्षण मिळेल आणि कुणा बापाला खोटी आशाही लागणार नाही. फळी टाकणारी नायिका असू दे, तिचं अनवाणी चालणंही सार्थकी लागेल. आणि तेही जमलं नाही, तर सदानंद उभा राहिल्यावर निदान त्याच्या तोंडी ‘माझा पुनर्जन्म झाला’ असलं काही घालू नकोस. आधी काय तो मेला होता?

अण्णाला मी अजून महाएपिसोडचं सांगितलेलं नाही. त्याला सदानंद आवडतो. मालिका लागली की दुकानातून वेळेवर येतो आणि ‘आपल्या मनूचं वाक्य कुठलं?’ म्हणून प्रत्येक वाक्याला विचारतो. चांगलं असलं की तुझं, वाईट असलं की चॅनलचं, अशी त्याची वाटणी आहे. त्याला एकदा फोन कर. दुपारी झोपतो, चारनंतर कर. आधी ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नकोस, रिक्षाचं विचार, लग्नातल्या पंगतीचं विचार, एसटीच्या पायरीचं विचार. मग फोन ठेवायला तुलाच सांगावं लागेल.

गणपतीला येणार आहेस ना? सुट्टी मिळत नसेल तर दीड दिवस तरी ये. तुझ्या आईने तुझी खोली झाडून ठेवलीय. स्वेटर आण, माझा तुझ्याकडेच राहिलाय. प्रकृतीला जप, रात्रीचं जागरण कमी कर, आणि त्या पोरींबरोबर राहतेस त्यांनाही भाजणी दे, एकटी खाऊ नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. अण्णा म्हणतो, सदानंदाच्या खुर्चीचा ब्रेक तुमच्याकडे कुणीच लावत नाही. परवाच्या भागात त्याला जिन्याच्या तोंडाशी तसाच सोडून सगळे फोन घ्यायला पळाले. तेवढं सेटवर आजच सांग.